काकांची 110 दिवसांची मोटरहोम ट्रिप : घरच्या ग्रुपवरची चर्चा

काका: मंडळी, ठरलं एकदाचं. मी आणि काकू मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन युरोप फिरणार, एकूण 110 दिवस. गाडीचं बुकिंग काल झालं. आता राहिला विमा. माझ्या क्रेडिट कार्डाबरोबर प्रवास विमा मिळतोच, तो पुरेल ना? नाहीतर निघायच्या आठवड्यात एखादा काढून टाकतो.

वहिनी: अरे वा! काका-काकू, मनापासून अभिनंदन!

ताई: काका, फार आनंद झाला. पण कार्डाचा विमा उघडून आधी एकच आकडा शोधा : एका प्रवासात सलग किती दिवस धरतात. 'वर्षभराची' म्हणून मिळणाऱ्या पॉलिसीतही एका ट्रिपला बहुतेक वेळा 30, 45 किंवा 60 दिवसांचीच मर्यादा असते. पुढच्या दिवशी पाय मुरगळला तरी खर्च आपला. तुम्हाला अख्ख्या 110 दिवसांची एकच पॉलिसी हवी.
आणि निघायच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आजारपणामुळे ट्रिप रद्द झाली तर बुकिंगचे पैसे परत मिळण्याची सोय साधारण पॉलिसी काढल्यापासून लागू होते. गाडीचे पैसे भरलेत, म्हणजे ती जोखीम कालपासूनच तुमच्या डोक्यावर आहे.

दादा: काका, 110 दिवस सगळे शेंगेनमध्येच का, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत? तिथे कुठल्याही 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस धरतात.

काका: ते माहीत आहे रे. मधले वीस-बावीस दिवस क्रोएशिया आणि रोमानियात काढायचे. ते शेंगेनमध्ये नाहीत, असं वाचलं होतं.

दादा: ते जुनं झालं. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे. रोमानिया आणि बल्गेरिया 1 जानेवारी 2025 पासून पूर्णपणे आले. बाहेर राहिले सर्बिया, बोस्निया, माँटेनेग्रो, अल्बानिया वगैरे. तिकडे गेलात तर परत आत यायचं आहे, म्हणून शेंगेनचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागेल.

ताई: आणि तिथेच विम्यात भोक पडतं. व्हिसासाठी जी पॉलिसी मागतात ती किमान 30,000 युरोची आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारी असावी लागते. पण कित्येक पॉलिसी तेवढ्याच देशांपुरत्या असतात. तुम्ही अल्बानियात असाल त्या दिवसांत ती कामाची नाही. सगळे देश नावानिशी विचारून घ्या. 30,000 हा व्हिसा मिळण्यापुरता आकडा आहे. आयसीयू, ऑपरेशन आणि मग डॉक्टर सोबत देऊन विमानाने घरी आणणं, हे सगळं त्यात बसेल असं धरून चालू नका. रक्कम मोठी घ्या.

आत्या: आणि ती गाडी तिकडे न्यायला मालक परवानगी देणार आहे का?

दादा: आत्या, बरोबर बोललीस. भाड्याच्या करारात कुठले देश चालतात ते लिहिलेलं असतं. अल्बानियासाठी गाडीच्या विम्याचं ग्रीन कार्डही लागतं, म्हणजे विमा त्या देशातही चालतो असा दाखला. काका, करारातलं ते पान ग्रुपवर टाका.

काका: टाकतो संध्याकाळी. पण गाडीचा विमा भाड्यातच आहे, मग वेगळा प्रवास विमा नक्की कशासाठी, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

ताई: काका, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. प्रवास विमा माणसांचा : दवाखाना, सामान, रद्द झालेली ट्रिप. तुमच्या हातून दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान झालं तर तो त्यात पडत नाही, ते गाडीच्या विम्याचं काम. आणि गाडीच्या विम्यातही 'सगळं धरलंय' म्हणतात तेव्हा सगळं नसतं.
आमचंच सांगते. तीन आठवड्यांच्या ट्रिपमध्ये कॅम्पसाइटवर गाडी मागे घेताना झाडाची फांदी छताला लागली आणि वरची खिडकी फुटली. फांदी जेमतेम मनगटाएवढी होती. आम्ही जास्तीचे पैसे देऊन संपूर्ण कव्हर घेतलं होतं, पण छत, गाडीचा तळ आणि टायर त्यातून वगळलेले होते. करारात ते स्पष्ट लिहिलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. पूर्ण भरपाई आमच्याच डिपॉझिटमधून कापली गेली. दुसऱ्या दिवशी गाडीची उंची, 2.95 मीटर, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली. तुम्ही चाव्या हातात आल्याबरोबर हे करा. आणि गाडी ताब्यात घेताना छताचा व्हिडिओ काढा, स्टूल मागून घ्या पण काढा.

काकू: मला वेगळंच विचारायचंय. यांना काही झालं, दवाखान्यात ठेवावं लागलं, तर ती एवढी गाडी मी कुठे सोडायची?

मी: काकू, तुम्ही गाडी चालवता की.

काकू: छोटी चालवते रे. सात मीटरची कधी नाही.

दादा: काकू, हा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. रस्त्यावरच्या मदतीच्या काही कव्हरमध्ये चालक आजारी पडला तर दुसरा चालक पाठवून गाडी परत नेण्याची सोय असते, ती लेखी मागा. आणि दुसरी चालक म्हणून तुमचं नाव करारात आत्ताच घाला. नाव नसलेल्याने चालवली आणि काही झालं, तर गाडीचा विमा हात वर करू शकतो. निघण्याआधी इथे एक दिवस मोठी व्हॅन मिळवू, मी शेजारी बसतो. आंतरराष्ट्रीय परवानाही दोघांनी काढा.

काकू: चालेल. मी शिकेन.

दादा: आता वजन. काका, तुमच्या लायसन्सवर तिकडे 3,500 किलोपर्यंतचीच गाडी धरून चाला. गाडीच्या माहितीपत्रकात चालण्यास तयार वजन 3,050 दिलंय. त्यात 75 किलोचा एक चालक आणि 90 टक्के इंधन धरलेलं असतं. उरले 450. त्यातून काकू 65, टाकीतलं जास्तीचं पाणी 80, बाहेर ओढायची चांदणी 30, दोन बॅटरीच्या सायकली आणि स्टँड 65, दुसरी बॅटरी 25, टेबल-खुर्च्या 20. राहिले 165 किलो. त्यात दोघांचे चार महिन्यांचे कपडे, भांडी, किराणा, अंथरूण-पांघरूण सगळं आलं.

काका: सायकली राहू देत मग.

दादा: मी तेच सुचवणार होतो. वजन जास्त निघालं तर दंड आहेच, शिवाय अपघात झाला तर क्लेमवरही बोट ठेवतात. सामान भरून झालं की वजनकाट्यावर गाडी चढवा, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी मोजा.

वहिनी: काका, पासपोर्ट, लॅपटॉप गाडीत ठेवून फिरायला जाऊ नका. राखण नसलेल्या गाडीतून चोरी झाली तर बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. आणि चोरी झालीच तर पोलिसांचा कागद लगेच घ्यायचा, बऱ्याच ठिकाणी 24 तासांची अट असते.

ताई: घराच्या विम्याचंही बघा. घर सलग 30 किंवा 60 दिवसांहून जास्त बंद राहिलं तर काही पॉलिसींमध्ये चोरीचं आणि पाणीगळतीचं कव्हर थांबतं. कंपनीला आधी कळवा.

काका: हे सगळं लिहून घेतलं. आता शेवटचं. फॉर्ममध्ये आधीपासूनचे आजार विचारलेत. माझी अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षं झाली, आता रोज पाच किलोमीटर चालतो. बीपीची गोळी तर सगळेच घेतात. लिहिलं की हप्ता वाढवतात, म्हणून 'नाही' वर टिक करतोय.

ताई: काका, नको. प्लीज थांबा.

आत्या: अरे, मी तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. हे परदेशात असताना छातीत दुखून दवाखान्यात होते, ते तुला माहीत आहे. विमा होता, तरी एक पैसा मिळाला नाही. यांनी फॉर्मवर बीपी लिहिलं नव्हतं. कंपनीने आमच्या डॉक्टरांकडून जुने केसपेपर मागवले, त्यात आठ वर्षांच्या गोळ्या होत्या. दावा नाकारला. माझ्या बांगड्या मोडल्या त्या त्याच वेळी. तुला वाटलं होतं घराच्या दुरुस्तीसाठी. यांना वाईट वाटेल म्हणून मी कुणाला बोलले नाही. हे खोटं बोलणारे नव्हते रे, त्यांना तो आजार वाटलाच नव्हता.

काका: मला खरंच माहीत नव्हतं.

आत्या: आता माहीत झालं. सगळं लिही.

ताई: काका, हप्ता वाढेल तेवढाच वाढू दे. एखादी कंपनी हृदयाचं धरणारच नाही म्हणाली तर दुसरीला विचारू, काही कंपन्या जास्तीचा हप्ता घेऊन धरतात. पॉलिसी हातात आली की 'स्थिर' या शब्दाची व्याख्या वाचा. ठरावीक काळात औषध किंवा डोस बदललेला नसावा अशी अट असते. निघायच्या तोंडावर डॉक्टरांनी गोळी बदलली तर कंपनीला कळवायचं. डिस्चार्ज कार्ड, ताजा ईसीजी आणि औषधांची मूळ नावं लिहिलेलं पत्र सोबत ठेवा. तिथे काही झालं तर फोन करायचा कंपनीचा नंबर काकूंच्या फोनमध्येही सेव्ह करा, दवाखान्यात दाखल करायच्या आधी किंवा लगेच त्यांना कळवावं लागतं.

काका: खोडलं. नवा फॉर्म घेतोय.

काकू: गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडलीत. हे वाचून दाखवतायत, मी लिहितेय. चार निघाल्या, हे दोनच म्हणत होते. ताई, सातव्या प्रश्नात 'गेल्या दोन वर्षांत डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे का' असं आहे. नुसती तपासणी केली, काही निघालं नाही, तेही धरायचं का?

ताई: हो काकू. तारखेसकट लिहा.

काकू: मग माझं गुडघ्याचंही लिहिते.