प्रवेशासाठीचा निबंध: तुमच्या घरचा अनुभव सांगा

नाशिककर मंडळी, माझी मुलगी यंदा बारावीला आहे आणि परदेशी अर्ज करायचं तिच्या मनात आहे. आपल्याला माहीत ते सीईटीचे (राज्याच्या प्रवेश परीक्षेचे) गुण आणि कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेशाच्या) फेऱ्या. इथे तर कॉमन ॲपवर, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जात, ६५० शब्दांत स्वतःबद्दल लिहायचंय. प्रवेश ठरवताना त्याला खरंच वजन असतं का? जे यातून गेलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. नकार आला असेल तर तोही सांगा.

गंगापूर रोड, आई
माझी लेक दोन वर्षांपूर्वी अमेरिकेला गेली. पहिला खर्डा रामकुंड आणि कुंभमेळ्यावर होता. वाचायला छान, पण त्यात ती कुठेच नव्हती. दोन आठवडे घरात धुसफुस चालली. मग तिला पिंपळगावची, माझ्या माहेरची विरळणी आठवली. नाताळच्या सुट्टीत ती आजोबांबरोबर द्राक्षबागेत जायची. घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. आजोबा नजरेने कापत. ही मात्र एका घडात किती मणी ठेवले ते वहीत मांडायची आणि काढणीला तेच घड वेगळे तोलायला लावायची. निबंध त्या वहीवर लिहिला. तिला स्टॅटिस्टिक्सच शिकायचं होतं, ते वेगळं सांगावंच लागलं नाही.

नऊ ठिकाणी अर्ज केले, तीन ठिकाणी होकार आला. तिन्ही कॉलेजांत तिचे गुण बसत होते. जिथे गुणच कमी पडत होते तिथे निबंधाने काही केलं नाही, हे स्पष्ट सांगते. पण एका होकाराच्या पत्राखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं की आजोबांची कात्री लक्षात राहिली. ते पत्र बाबांनी देवघरात ठेवलंय.

सातपूर, वडील
मी कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे आधी आकडे शोधले. अमेरिकेतली बरीच कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' प्रसिद्ध करतात. त्यातला सी-७ तक्ता बघा. गुण, विषयांची काठिण्यपातळी, शिफारसपत्रं, निबंध या प्रत्येकापुढे चारपैकी एक खूण असते: अतिशय महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. काही मोठ्या सरकारी विद्यापीठांत निबंध शेवटच्या रकान्यात, तर काही छोट्या खासगी कॉलेजांत पहिल्या. 'निबंध महत्त्वाचा का' हे एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा तक्ता उघडा. आम्ही तसंच केलं आणि मुलाचे कष्ट योग्य जागी लागले.

इंदिरानगर, विद्यार्थी
ब्रिटनचं गणित वेगळं आहे. तिथे स्वतःची गोष्ट सांगायची नसते, विषयाची ओढ दाखवायची असते. माझ्या वेळी ४,००० अक्षरांचा एकच सलग मजकूर होता, २०२६ च्या प्रवेशांपासून त्याचे तीन प्रश्न झालेत. एका अर्जात पाच पर्यंत अभ्यासक्रम निवडता येतात, सगळ्यांना तोच मजकूर जातो. मी अर्धं पान कबड्डीवर लिहिलं होतं. सरांनी ते काढून टाकायला लावलं आणि त्या जागी मी गोदावरीच्या पाण्याचे नमुने तपासले होते ते आलं. होकार मात्र सशर्त होता. बारावीचे गुण पडेपर्यंत काही खरं नव्हतं.

सिडको, वडील
आमच्याकडे सीईटीचे पर्सेंटाइलच बोलले. पसंतीक्रम भरताना मात्र डोळ्यांत तेल घाला.

नाशिक रोड, आई
आमची चूक सांगते. एका सल्लागाराला भरपूर पैसे दिले. निबंध त्यांनीच लिहिला, मुलाने फक्त नाव घातलं. मुलाखतीत त्यातल्या प्रसंगाबद्दल विचारलं तेव्हा त्याला दोन वाक्यंही धड बोलता येईनात. सगळीकडून नकार आले. ते निबंधामुळेच आले असं मी म्हणणार नाही, गुणही काठावरचे होते. पण पोर त्या दिवशी खोलीतून बाहेर आलं आणि म्हणालं, "आई, ते माझं नव्हतंच." ते अजून टोचतं. इंग्रजी जरा कच्चं राहिलं तरी चालेल, मुलांना स्वतः लिहू द्या.

पंचवटी, निवृत्त शिक्षिका
माझ्याकडे लासलगावचा एक मुलगा यायचा. "बाई, माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही. ना प्रमाणपत्रं, ना स्पर्धा." शाळा सुटल्यावर काय करतोस विचारलं तर म्हणाला, वडिलांच्या खळ्यावर कांदा निवडतो, प्रतवारी करतो, हिशोब लिहितो. आपण याला काम म्हणत नाही ना! कॉमन ॲपमध्ये उपक्रमांसाठी दहा जागा असतात. त्यात घरच्या जबाबदाऱ्या आणि नोकरीही मोजतात. हे कितीतरी पालकांना माहीतच नसतं.

मी त्याला आधी मराठीत बोलायला लावलं. मोबाईल टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. भाव कोसळला त्या आठवड्याचं सांगताना तो वीस मिनिटं थांबला नाही. चाळीत सडलेल्या कांद्याचा वास, वडिलांनी न बोलता मिटलेली वही, सगळं आलं. मग ते ऐकत त्यानेच इंग्रजीत उतरवलं. मी फक्त काळ आणि स्पेलिंग सुधारले. तुमच्या मुलीला शनिवारी घेऊन या, मी घरीच असते. इंग्रजी वही आणू नका.