लहान ॲन्युरिझमच्या निर्णयात रक्तप्रवाहाच्या संगणकीय मॉडेलला स्थान द्यावे का?

धागालेखक: मेंदूच्या धमनीला आलेला फुगा, म्हणजेच ॲन्युरिझम, सुमारे 3 टक्के प्रौढांमध्ये आढळतो. त्यांतले बहुतेक फुगे कधीच फुटत नाहीत, पण फुटला तर होणारा रक्तस्राव जिवावर बेततो. डोकेदुखीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये अवघ्या 5 मिलिमीटरचा फुगा दिसला, तर क्लिपने (बाहेरून लावलेल्या चिमट्याने) वा कॉइलने (आत भरलेल्या बारीक तारेच्या गुंडाळीने) तो बंद करायचा की नुसते लक्ष ठेवायचे? फुगा फुटण्याचा धोका अंदाजणारी 2014 सालची 'फेजेस' गुणपद्धती रुग्णाचा लोकसमूह, रक्तदाब, वय, फुग्याचे आकारमान, पूर्वीचा रक्तस्राव आणि जागा एवढेच पाहते. रक्ताचा झोत आत कुठे आदळतो, हे मात्र त्रिमितीय अँजिओग्रामवरून (रक्तवाहिन्यांच्या प्रतिमेवरून) द्रवप्रवाहाची नेव्हिए-स्टोक्स समीकरणे संगणकावर सोडवून काढता येते. ही माहिती हाताशी असताना ती बाजूला ठेवणे मला पटत नाही.

प्रतिसाद 1: मी असहमत आहे. 2011 साली सेब्राल यांच्या गटाला फुटलेल्या फुग्यांत भिंतीवरचा कमाल घर्षणताण, म्हणजे वाहते रक्त घासल्याने भिंतीवर येणारा ताण, जास्त आढळला. त्याच वर्षी श्यांग आणि सहकाऱ्यांनी कमी घर्षणताणाचा फुटण्याशी संबंध दाखवला. मग रुग्णाला कोणता आकडा सांगायचा? शिवाय या दोन्ही अभ्यासांत फुटलेले फुगे फुटल्यानंतरच तपासले होते आणि फुटताना त्यांचा आकार बदलला असेल, तर आपण कारण नव्हे, परिणाम मोजत आहोत.

धागालेखक: हा विरोध वाटतो तेवढा टोकाचा नाही. मेंग आणि सहकाऱ्यांनी 2014 साली मांडले की जास्त ताण भिंतीतील पेशींमार्फत आणि कमी, दिशा बदलणारा ताण दाहक पेशींमार्फत, अशा दोन वेगळ्या वाटांनी भिंत कमकुवत होऊ शकते. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे सगळ्या फुग्यांना एकच मोजपट्टी लावण्याचा हट्ट सुटतो.

प्रतिसाद 2: मांडणी सुंदर आहे, पण ती घटना घडून गेल्यावर दोन्ही निकालांना सामावून घेते; पुढच्या रुग्णाचे भाकीत तिच्यातून निघत नाही. मी स्वतः प्रवाहगणित करतो, म्हणून अधिक काळजीने लिहितो. 2015 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 26 गटांना 5 फुग्यांच्या त्याच प्रतिमा दिल्या होत्या, तरीही घर्षणताणाच्या उत्तरांत मोठी तफावत आली. फुग्याची मान (धमनीला जोडलेला भाग) कुठे धरली, धमनीची कड किती गुळगुळीत केली, आत येणारा प्रवाह किती मानला, यांवर उत्तर हलते. आणि तो प्रवाह बहुधा रुग्णावर मोजलेला नसतो, गृहीत धरलेला असतो. भिंत ताठर मानली जाते आणि तिची जाडी नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसतही नाही. मॉडेलचे रंगीत चित्र पाहून घाबरलेले कुटुंब शस्त्रक्रियेला होकार देईल, हा धोका मला गणिती चुकीपेक्षा मोठा वाटतो.

धागालेखक: चित्र कुटुंबापुढे ठेवू नये, हे मान्य. पण ज्यांच्यावर केवळ लक्ष ठेवायचे ठरले आहे, त्यांचे मॉडेल पहिल्याच दिवशी ठरावीक पद्धतीने करून निकाल उपचार करणाऱ्यांपासून झाकून ठेवावा, आणि फुगा वाढल्यावर किंवा काही वर्षांनी तो निकाल उघडून पाहावा, याला आपला विरोध आहे का?

प्रतिसाद 2: त्याला नाही, फक्त मानेची व्याख्या आणि प्रवाहाचे मोजमाप सर्व केंद्रांवर आधीच एक ठरवावे लागेल.