मदत हवी आहे : वसंतराव नाईक पुसदचे नेमके किती वेळा आमदार? फलकावर काय लिहू?

पूसकाठची

नमस्कार मंडळी. पुसद तालुक्यातल्या एका लहान गावच्या वाचनालयात मी काम करते. १ जुलैला कृषी दिन, म्हणजे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांची जयंती. आमच्या ग्रामपंचायतीत दरवर्षी फोटोला हार, दोन झाडं, कृषी सहायकांचं भाषण आणि चहा एवढा कार्यक्रम असतो. यंदा सरपंचताईंच्या मनात आलं की वसंतराव नाईकांच्या राजकीय प्रवासाचा मोठा फलक लावायचा, आणि मजकूर वाचनालयानं द्यायचा. वाचनालय म्हणजे मी एकटीच.

जन्म, शिक्षण इथपर्यंत अडचण नाही : १ जुलै १९१३, गहुली, बंजारा कुटुंब, वडील फुलसिंग नाईक, नागपूरचं मॉरिस कॉलेज, मग वकिली. घोडं अडलंय ते निवडणुकांपाशी. हेडमास्तर म्हणतात पाच वेळा आमदार. ग्रामसेवक म्हणतात तीनच वेळा, त्यांनी मोबाइलवर महाराष्ट्राचे निकाल उघडून १९६२, १९६७, १९७२ दाखवले. एका जुन्या स्मरणिकेत 'पहिल्या ते चौथ्या विधानसभेचे सदस्य' असं छापलंय, म्हणजे चार. तिघंही आपापल्या आकड्यावर ठाम आहेत आणि फ्लेक्सवाला मजकूर मागतोय.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र निवडून १९५२ शोधलं, तर ते वर्षच यादीत नाही. कुठे बघायचं? मुख्यमंत्री म्हणून ते तिसरे की चौथे? दर निवडणुकीतली मतं आणि प्रतिज्ञापत्रं मिळतील का? आणि एक सदस्य फलकावर पंजा लावा म्हणून मागे लागलेत, त्यांना काय सांगू?

निवांत वाचक

ताई, तिघंही खरं बोलताहेत. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय, एवढंच.

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा महाराष्ट्र नव्हताच. पुसद, यवतमाळ, सगळा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. म्हणून वसंतरावांची पहिली निवडणूक मध्य प्रदेश विधानसभेची. आयोगाच्या यादीत 'मध्य प्रदेश' निवडा, आणि वर्ष १९५२ नाही, १९५१ बघा. मतदान ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ असं लांबलं होतं, अहवालाला सुरुवातीचं वर्ष दिलंय. भोपाळच्या राज्याचे निकाल आपण कशाला बघायचे, असं वाटून बहुतेक जण तिथे फिरकतच नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. आपल्याकडचे आमदारही निवडणूक न होता मुंबईच्या विधानसभेत जाऊन बसले. वसंतराव नागपुरात महसूल खात्याचे उपमंत्री होते, मुंबईत ते सहकारमंत्री झाले. १९५७ ची निवडणूक 'मुंबई' राज्याच्या नावाखाली सापडेल. ग्रामसेवकांना सापडलेल्या १९६२, १९६७, १९७२ या तीन महाराष्ट्राच्या.

आता स्मरणिकेतले चार. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा लगेच निवडणूक घेतली नाही. १९५७ ला निवडून आलेले आपल्या भागातले आमदार हीच महाराष्ट्राची पहिली विधानसभा ठरली. ती १९६० ते ६२. मग ६२ ची दुसरी, ६७ ची तिसरी, ७२ ची चौथी. याच हिशेबानं २०२४ ची पंधरावी येते.

तेव्हा निवडणुका पाच, त्यातल्या महाराष्ट्राच्या तीन, आणि महाराष्ट्र विधानसभेचं सदस्यत्व चार वेळा. हेडमास्तरांचा आकडा ठेवा, पण खाली राज्यांची नावं द्या, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी भर मांडवात हाच वाद पुन्हा होईल.

धुऱ्यावरचा

पंजा काहून लावता राजेहो! पंजा आला १९७८ मधी, इंदिरा काँग्रेससंगं. वसंतराव ऑगस्ट १९७९ मधी गेले, अन् त्याच्या आंधीच्या त्यांच्या सगळ्या निवडणुका दुसऱ्याच चिन्हावर. ५२ ते ६७ बैलजोडी, ७२ ले गाय-वासरू. तुमच्या मेंबरले सांगा, लावाचंच असन तं बैलजोडी लावा, पोळ्यालेबी कामी येईन.

मस्करी सोडा. ग्रामपंचायतीच्या फलकावर कोनतंच चिन्ह लावू नका. उद्या दुसरा मेंबर आपलं चिन्ह घेऊन येईन.

आमची बुडी सांगत जाये, पहिल्या वक्ताले शिक्का नव्हता. हरेक उमेदवाराची पेटी अलग, तिच्यावर चित्र. चिठ्ठी घ्याची अन् बैलाच्या पेटीत टाकाची. शिक्का मागून आला. तुमच्या गावात कोनी म्हातारं मानूस '५२ ले शिक्का मारला' म्हनत असन तं त्याची आठवन नंतरच्या निवडणुकीची हाय असं समजा.

पूसकाठची

दादा, पंजाचा प्रश्न मिटला! मध्य प्रदेश १९५१ चा अहवालही उघडला. पण पीडीएफ सगळी इंग्रजीत आणि काही ठिकाणी एका मतदारसंघापुढे दोन-दोन विजेते दिसतात. हे काय प्रकरण आहे? आणि आमच्या मास्तरांना १९५२ ते ७२ मतं कशी वाढत गेली याचा आलेख हवाय.

जुने कागद

दोन विजेते हा छापखान्याचा घोळ नाही. त्या काळी काही मतदारसंघ दोन सदस्यांचे असायचे, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. १९६१ च्या कायद्यानं ती पद्धत बंद झाली, म्हणून १९६२ पासून एका मतदारसंघाला एकच आमदार. १९५१ आणि १९५७ चे अहवाल वाचताना आधी जागांचा रकाना बघायचा, मग मतं.

आलेख मात्र काढू नका. पुसद हे नाव कायम राहिलं तरी हद्दी दर फेररचनेत बदलल्या, मतदारांची संख्या वाढली, राज्यही बदललं. मतं वाढली म्हणजे लोकप्रियता वाढली असा अर्थ लोक काढतील आणि तो चुकीचा असेल. मतं द्यायचीच असतील तर त्या-त्या निवडणुकीपुढे आकडा लिहा आणि तिथेच थांबा.

प्रतिज्ञापत्रं शोधण्यात वेळ घालवू नका. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देणारी शपथपत्रं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर, २००३ च्या सुमारास सक्तीची झाली.

आणखी एक. जुन्या इंग्रजी कागदांत यवतमाळचं स्पेलिंग वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असं आहे. आजचं स्पेलिंग टाकून शोधलं तर निम्मं काही हाती लागत नाही. सभागृहातली भाषणं हवी असतील तर विधिमंडळाच्या ग्रंथालयाला वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र लिहा.

निवांत वाचक

मुख्यमंत्रिपदाचं राहिलं होतं. यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्यांच्या जागी चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार आले. २४ नोव्हेंबर १९६३ ला कन्नमवार पदावर असतानाच वारले. पुढचे काही दिवस पी. के. सावंतांनी हंगामी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतरावांनी शपथ घेतली. सावंतांना धरलं तर चौथे, नाहीतर तिसरे. तुम्ही क्रमांक टाकूच नका. '५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५' एवढं लिहिलं की झालं. अकरा वर्षांहून जास्त सलग काळ, महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला तो मिळालेला नाही. क्रमांकापेक्षा हे मोठं आहे.

काळी माती

सगळे आकड्यांतच अडकलेत म्हणून लिहितो. कृषी दिनाचा फलक आहे ना, मग निवडणुकांच्या मधल्या वर्षांत काय झालं तेही येऊ द्या. १९६५ मध्ये 'दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या' असं ते जाहीर बोलले होते. संकरित ज्वारीचा प्रसार त्यांच्याच काळातला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. कापूस एकाधिकार खरेदीही, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस सरकारनंच विकत घ्यायची योजना, १९७२ चीच. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना मुख्यमंत्री आठवतो तो कापूस मोजणाऱ्या फेडरेशनच्या वजनकाट्यापाशी, विधानसभेत नाही.

पण नुसती आरती नको. राज्यातलं पहिलं कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला गेलं. अकोल्यासाठी विदर्भाला रस्त्यावर उतरावं लागलं, जांबुवंतराव धोटे त्या आंदोलनात पुढे होते, आणि २० ऑक्टोबर १९६९ ला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं विद्यापीठ झालं. मुख्यमंत्री पुसदचा असताना ही पाळी आली. फलकावर नका लिहू, पण भाषण करणाऱ्या कृषी सहायकांना एवढं तरी माहीत असावं.

पूसकाठची

किती मदत केलीत सगळ्यांनी! सरपंचताई आता म्हणतात की सुधाकररावांपासून आजपर्यंतचंही त्याच फलकावर टाका. टाकू का?

जुने कागद

नका टाकू. पुतणे सुधाकरराव १९७८ ला पुसदहून निवडून आले, १९९१ ते ९३ मुख्यमंत्री होते, जलसंधारणाचं काम त्यांच्या नावावर आहे. त्यांचा स्मृतिदिन १० मे हा जलसंधारण दिन म्हणून पाळतात, वेगळा फलक त्या दिवशी करा. त्यापुढे मनोहरराव, मग इंद्रनील. २०१९ ला तर पुसदमध्ये राष्ट्रवादीकडून इंद्रनील आणि भाजपकडून नीलय, घरातलेच दोघं समोरासमोर होते. हे सगळं एका फ्लेक्सवर आलं की तो कृषी दिनाचा राहत नाही, पुढच्या निवडणुकीचा होतो.

पूसकाठची

पटलं. आज हा मजकूर पाठवतेय, एकदा नजर टाका :

'वसंतराव फुलसिंग नाईक. जन्म १ जुलै १९१३, गहुली, ता. पुसद. १९४६ पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष. १९५२ मध्य प्रदेश विधानसभा, १९५७ मुंबई विधानसभा, १९६२, १९६७ व १९७२ महाराष्ट्र विधानसभा, असे एकूण पाच वेळा आमदार. महसूल उपमंत्री, सहकार, कृषी व महसूल मंत्री. मुख्यमंत्री, ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५. १९७७ लोकसभा सदस्य. निधन १८ ऑगस्ट १९७९, सिंगापूर.'

निवांत वाचक

'एकूण पाच वेळा'च्या आधी 'पुसदमधून' घाला आणि लोकसभेपुढे 'वाशिम' लिहा. ती जागा २००८ च्या फेररचनेत गेली, आता यवतमाळ-वाशिम आहे, त्यामुळे पोरं विचारतील. '१९५२' ठेवलंत ते बरोबर, अहवालावर १९५१ असलं तरी. छापण्याआधी प्रूफ मात्र स्वतः बघा, फ्लेक्सवाले 'गहुली'चं हमखास 'गहूली' करतात.

धुऱ्यावरचा

अन् मेंबरचा फोटो वसंतरावाहून मोठा छापू देऊ नका म्हंजे झालं.