टाके निघाले, पण आतलं अजून कच्चंच

भाऊ, वडिलांचं पोटाचं ऑपरेशन होऊन 18 दिवस झाले, टाके निघाले म्हणून ते रावेरच्या मळ्यात केळीचे घड उचलायला गेले आणि आता जखमेपाशी ओढ लागते, असं लिहिलंय तुम्ही. कातडी 10-14 दिवसांत जुळते. आतला स्नायूंवरचा पडदा मात्र सहा आठवड्यांनीही जेमतेम निम्म्या ताकदीचा असतो, आणि घड तर 20 किलोचा! तिथूनच पुढे हर्निया होतो, म्हणजे त्या कमजोर जागेतून आतडं बाहेर फुगून येतं. सहा आठवडे 4-5 किलोच्या वर काही नको. भरलेली कळशीही नको. चालणं चालू ठेवा. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने, खोकताना पोटावर उशी दाबून. भरीत-भाकरी खाऊ द्या, पण बद्धकोष्ठ नको, कुंथण्यानेही आतल्या टाक्यांवर ताण येतो. खोकताना फुगवटा दिसला, ताप आला किंवा गुलाबी पाणी झिरपलं, तर त्याच दिवशी सर्जनकडे न्या.