रो-हाऊसच्या मागच्या छोट्या बागेत ग्रीनहाऊस आणि सामानाची शेड, दोन्ही बसेल का? (नाशिक)

पाथर्डीची_बाग:
नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे, मागे २० बाय १५ फुटांची जागा आहे. २० फूट पूर्व-पश्चिम, १५ फूट उत्तर-दक्षिण. घर उत्तरेला येतं त्यामुळे दिवसभर ऊन भरपूर. पश्चिमेला आणि दक्षिणेला पाच फुटी कंपाउंड, आग्नेय कोपऱ्यात कागदी लिंबाचं झाड (ते काढायचं नाही!!), नळ पूर्वेकडे भिंतीला आहे. माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

सासरे रिटायर झालेत आणि त्यांचा सगळा वेळ बागेत जातो, गुडघे दुखतात म्हणून खाली बसून काम होत नाही, त्यांना टेबलाच्या उंचीवर रोपं करता येतील अशी जागा हवीये. पावसाळ्यात कोथिंबीर मेथी नुसती सडून जाते, ती वाचवायची आहे, बाकी सिमला मिरची, टोमॅटो, काकडी. आणि फावडं कुदळ घमेलं, गवत कापायचं मशीन, शिडी, पाइप, कुंड्या, खताच्या गोण्या हे सगळं आत्ता जिन्याखाली कोंबलंय त्यासाठी शेड.

एक फॅब्रिकेटर येऊन गेला, तो म्हणतो पॉलिकार्बोनेटची (पारदर्शक कडक प्लास्टिक शीटची) १० बाय ८ ची बंद खोली करू आणि नैऋत्य कोपऱ्यात पत्र्याची शेड टाकू. मला पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येईना. तुम्ही काय कराल? पॉलिकार्बोनेट घ्यावं की प्लास्टिक की नुसती नेट, आणि शेड केवढी?

द्राक्षबाग_दिंडोरी:
ताई तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. बंद पॉलिकार्बोनेटची खोली म्हणजे एप्रिलमध्ये उन्हात उभी केलेली काचा बंद गाडी. थंड देशात ग्रीनहाऊस ऊब धरायला बांधतात, आपल्याकडे उलटं आहे, नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसपर्यंत जातो तेव्हा ऊब बाहेर कशी काढायची हा प्रश्न असतो. थंडी आपल्याकडे पडते, निफाडला तर कडाक्याची पडते पण ते थोडे दिवस, आणि शहरात त्यासाठी बंद खोली लागत नाही, रोपांवर रात्री पातळ कापड टाकलं तरी भागतं.

मग तुम्हाला नक्की काय हवंय, तर पाऊस आणि गारा डोक्यावर नकोत, दुपारचं ऊन थोडं कमी हवं आणि वारा खेळता हवा. म्हणजे वर छप्पर, चारी बाजूंनी नेट. आमच्याकडे जानोरी-मोहाडी भागात गुलाबाची पॉलिहाऊस (प्लास्टिक फिल्मची ग्रीनहाऊस) बघा एकदा जाऊन, एवढा खर्च करून बांधलेली, पण वर हवा निघायला जागा सोडलेली असते आणि साइडचे पडदे गुंडाळता येतात. हवा निघायच्या जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान १५-२० टक्के तरी पाहिजेत, आणि त्यातली काही अगदी वरती, कारण गरम हवा वरच साठते. म्हणून उंचीत कंजुषी करू नका, मधोमध ८-९ फूट ठेवा. बुटकं केलं की आत माणूस पण उभा राहू शकत नाही आणि रोपं पण होरपळतात.

छपराला २०० मायक्रॉनची यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हात टिकणारी) प्लास्टिक फिल्म घ्या, साधारण तीन वर्षं चालते. साधं दुकानातलं प्लास्टिक एका सीझनमध्ये फाटून चिंध्या होतात. आणि फिल्म जिथे लोखंडी पाइपला टेकते तिथे पाइपला पांढरा रंग मारा, तापलेल्या पाइपवरच फिल्म आधी कडक होऊन फाटते, हे फॅब्रिकेटर कधीच सांगत नाहीत. मार्च ते मे वरून शेडनेट टाकायची, भाजीला ३५ किंवा ५० टक्के सावलीवाली, ७५ नको, त्यात टोमॅटो नुसता उंच वाढतो आणि फळ धरत नाही. पाऊस सुरू झाला की नेट काढून ठेवायची कारण ढगाळ दिवसांत उजेडच कमी असतो.

नकाशा_आणि_माती:
जागेबद्दल लिहितो, घरबांधणीचं काम करतो म्हणून हे आवडीचं आहे.

नैऋत्येला शेड अजिबात नको. आपण २० अक्षांशावर आहोत, डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ४६-४७ अंशांवर. सात फुटी शेडची सावली तेव्हा उत्तरेकडे साडेसहा फूट पडते, म्हणजे ज्या महिन्यांत तुमची भाजी सगळ्यात छान येणार त्याच महिन्यांत वाफ्यावर सावली. शेड घ्या वायव्येला, पश्चिमेच्या कंपाउंडला लागून आणि घराच्या बाजूला, मग तिची सावली घराच्या भिंतीवर जाईल, काही बिघडत नाही.

माप असं बसवून बघा. घराच्या भिंतीपासून अडीच फूट वाट सोडा (शिडी घेऊन वळता आलं पाहिजे). मग पश्चिमेला शेड, ४ फूट पूर्व-पश्चिम आणि ६ फूट उत्तर-दक्षिण, आणि तिच्याच पूर्वेच्या भिंतीला चिकटून नेटहाऊस (वर म्हटलेलं छप्पर आणि बाजूंनी नेट) ८ बाय ६. दोघांची मधली फ्रेम एकच, दोन खांब वाचले. शेड पश्चिमेला असल्याने एप्रिलमधलं चार वाजताचं तिरपं ऊन अडतं, आणि आपला पावसाळी वारा पण पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो त्याचाही जोर शेडवर पडतो, फिल्मवर कमी. दक्षिणेला तुम्हाला साडेसहा फुटांचा सलग पट्टा उरतो, लिंबू जागेवर, पूर्वेला नळापाशी आठ फूट मोकळे.

काळी माती आहे तर पाया नीट करा हो. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, नुसता खड्डा करून खांब काँक्रीटमध्ये गाडला तर दोन पावसाळ्यांत दार लागेनासं होतं. खांबाच्या जागी दोन फूट तरी खोल काळी माती काढून मुरूम भरून ठोकून घ्या, त्यावर फुटिंग. आत पूर्ण कोबा करू नका, नेटहाऊसमध्ये खडी आणि मधे पेव्हर ब्लॉकची वाट बास, पाणी मुरतं आणि उन्हाळ्यात खडीवर पाणी मारलं की गारवा राहतो. वळवाचा वारा छपराला खालून उचलतो म्हणून खांब पायाला बोल्टने घट्ट पाहिजेत, वजनावर विसंबू नका.

आणि मार्जिनच्या (घराभोवती नियमाने मोकळ्या सोडायच्या) जागेत पक्कं बांधकाम महापालिका चालवून घेत नाही, नटबोल्टवाली सुटी फ्रेम ठेवा आणि तुमच्या आर्किटेक्टला आधी एकदा विचारा.

मखमलाबाद_परसबाग:
शेड केवढी हे फुटांत ठरवू नका, आधी सगळं सामान अंगणात काढून मांडा. खरंच. शिडी आणि लांब दांड्याची अवजारं भिंतीला उभी टांगली की जमीन मोकळी होते आणि मग ४ बाय ६ पुष्कळ होते, पण आडवी ठेवली तर ८ बाय ८ सुद्धा पुरणार नाही. माझं तर मत आहे की आत जायची शेड करूच नका, २ फूट खोल आणि ६ फूट लांब असं कपाटासारखं करा, पुढे पूर्ण उघडणारी दोन दारं, माणसाला आत शिरायची जागा ठेवायची गरजच राहत नाही आणि दोन फूट बागेला मिळतात. सासरेबुवांना वाकून आत शिरायलाही नको.

दुसरं म्हणजे पत्र्याची शेड बंद करू नका. आपल्याकडची कांदाचाळ बघा, जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, खालून आणि बाजूंनी हवा. तेच तत्त्व घ्या, एवढी उंच नको पण सहा-आठ इंच उचला, भिंतींना वर-खाली फटी ठेवा आणि फटींना बारीक जाळी मारा. खाली पोकळी असली की उंदीर आणि उंदरामागे साप येतात त्यामुळे ती जाळी लावायचीच, बागेत म्हातारं माणूस आहे लहान मुलं आहेत.

युरिया आणि बाकीची खतं हवेतली ओल ओढून दगड होतात, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि फळीवर. औषधं कुलपात, वेगळी. बियाणं मात्र शेडमध्ये अजिबात ठेवू नका, तापलेल्या पत्र्याखाली त्याची उगवण जाते, कांद्याचं बी तर मुळातच वर्षभरात मंदावतं. बियाणं घरात, घट्ट झाकणाच्या डब्यात, गार जागी. गवताच्या मशीनचं पेट्रोल असेल तर तेही शेडमध्ये नको.

पाथर्डीची_बाग:
बापरे किती छान समजावलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. कपाटाची कल्पना सासऱ्यांना वाचून दाखवली ते लगेच टेप घेऊन मागे गेले 😊 शिडी पश्चिमेच्या भिंतीला टांगायची असं ठरलंय. म्हणजे शेड २ बाय ६ आणि नेटहाऊस १० बाय ६ असं करता येईल, बरोबर ना?

दोन शंका राहिल्या. चारी बाजूंनी नेट लावली तर मधमाश्या आत कशा येणार, काकडी लागेल का? आणि छपराचं पाणी शेजाऱ्यांकडे जाऊन भांडण नको.

द्राक्षबाग_दिंडोरी:
हो १० बाय ६ छान बसतं. फक्त शेडची सात फूट उंची ठेवा म्हणजे दुपारचं ऊन तरी अडेल.

टोमॅटो आणि मिरचीला मधमाशी लागत नाही, स्वतःच्याच परागावर फळ धरतात, बाहेर वारा हलवतो ते काम आत तुम्ही करायचं, फुलं आली की सकाळी दहाच्या सुमारास झाड बांधलेल्या दोरीला हलकी टिचकी मारायची. काकडीला मात्र मधमाशी लागते, म्हणून बी घेताना परागीभवनाशिवाय फळ धरणारी पार्थेनोकार्पिक जात मागा, पॉलिहाऊसवाले तीच लावतात. महाग पडते. नाहीतर काकडी बाहेर दक्षिणेच्या पट्ट्यात वेलीला चढवा आणि आतली जागा कोथिंबीर-मेथी आणि रोपांच्या ट्रेला द्या, मी तर तेच करीन. आत ट्रे टेबलावर, कमरेच्या उंचीला, टेबलाला वरून पत्रा नको, जाळी हवी म्हणजे पाणी निथळतं आणि रोपांना मर रोग लागत नाही. टेबलाखाली कुंड्या आणि कोकोपीट राहतं, तेवढीच शेड हलकी.

एक लक्षात ठेवा, नेट असली की मावा-पांढरी माशी कमी पण एकदा आत शिरली तर तिला खाणारे किडेही आत नसतात. आणि कोरड्या गरम दिवसांत लाल कोळी येतो, पानाच्या मागच्या बाजूला बघत राहा, बारीक जाळं दिसलं की ते पान काढून टाका आणि पाण्याचा फवारा मागून मारा. दोन दारांचा आडोसा करायला जागा नाही तुमच्याकडे, निदान दाराला नेटचा पडदा जमिनीपर्यंत लोंबू द्या.

नकाशा_आणि_माती:
पाण्याचं सोपं आहे. दोन्ही छपरांचा उतार पूर्वेकडे, नळाच्या बाजूला द्या, कंपाउंडकडे नको. कडेला पन्हळ आणि खाली टिपाड. ७२ चौरस फूट छप्पर होतंय तुमचं, एक इंच पाऊस झाला तरी दीडशेच्या वर लिटर पाणी येतं, म्हणजे जोराचा पाऊस झाला की २०० लिटरचं टिपाड एका दिवसात भरेल. त्यामुळे टिपाडाच्या वरच्या अंगाला ओव्हरफ्लोचा पाइप काढून लिंबाच्या आळ्यात नको, लिंबाला साचलेलं पाणी सोसत नाही, घराच्या पावसाळी नाल्यात सोडा. झाकणाला बारीक जाळी पाहिजेच, डेंग्यूचे डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतात, आणि आठवड्यातून एकदा टिपाड रिकामं करून घासा.

फॅब्रिकेटरकडून फ्रेमचं माप लिहून घ्या, पाया मार्च-एप्रिलमध्ये उरकून घ्या, माती कोरडी असताना. मृगाच्या तोंडावर सगळे फॅब्रिकेटर पत्रे बदलायच्या कामात अडकलेले असतात, फोनसुद्धा उचलत नाहीत.