चिन निर्वासितांसाठी नवापुरातून दान: मंडळीच्या हातूनच का?

नवापूरकर:
गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, म्यानमारच्या चिन निर्वासितांसाठी दान गोळा झालं. (चीन देशाशी संबंध नाही, मिझोरामला लागून असलेल्या डोंगरातले हे लोक.) १ फेब्रुवारी २०२१ला तिथे लष्कराने सत्ता बळकावली, यादवी पेटली आणि तीस हजारांहून जास्त माणसं मिझोराममध्ये आली. सीमा रोखा, असं केंद्राने त्या मार्चमध्येच कळवलं होतं. मिझोरामने त्यांना परत लोटलं नाही. पण खायला कोणी घातलं? गावोगावच्या मंडळ्यांनी आणि यंग मिझो असोसिएशनने. मिझो घरात स्वयंपाक करताना बाई दर वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढते, तो चर्चला जातो. त्याला ते ‘बुहफाई थाम’ म्हणतात, आपल्याकडे मुष्टिफंड असायचा तसंच. असा साठा हाताशी असला की जीआर निघायची वाट पाहावी लागत नाही. आपणही द्यावं असं मला मनापासून वाटतं.

सातपुड्याचा:
भाऊ, उपाशी माणसाला घास द्यायला माझी ना नाही. मंडळीच्या हातून द्यायला आहे. माझा काका अंथरुणाला खिळला होता तेव्हा प्रार्थनेला मंडळीची माणसं आली, औषधाचे पैसेही त्यांनीच दिले. काका उठून बसला. पुढच्या शिवरात्रीला मात्र तो देवमोगऱ्याच्या जत्रेला आला नाही. आमच्या देवीचं, याहामोगीचं नावच त्या घरात निघेना. आजीने त्याच्या वाटची, देवीला वाहायची धान्याची टोपली तरी भरली आणि दोन वर्षं ती स्वतःच डोक्यावरून घेऊन गेली. औषध फुकट नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

अमळनेरची मास्तरीण:
चिन आणि मिझो एकाच रक्ताचे, बहुतेक एकाच धर्माचे. आपल्या माणसाला भाकर देणं सोपं जातं. १९९७ मध्ये याच मिझोराममधून तीस हजारांवर ब्रू लोक, म्हणजे मिझो नसलेले आदिवासी, जीव मुठीत धरून त्रिपुरात पळाले. छावण्यांत त्यांची पोरं मोठी झाली, आणि त्रिपुरातच कायमचं वसवायचा करार व्हायला जानेवारी २०२० उजाडला. त्यांच्यासाठी कोणी मूठ बाजूला काढली? दुसरं असं, की भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. चर्च तांदूळ देईल, पण पोराचा शाळेचा दाखला, कामाचा परवाना कोण देणार? दानावर जगणाऱ्याला हक्काने काही मागता येत नाही. मला सगळ्यात जास्त ते खुपतं.

नवापूरकर:
मॅडम, ब्रूंचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. ते मी झाकणार नाही. कागदाचंही पटलं, ते सरकारचंच काम. पण कागद येईपर्यंत चूल कशी पेटायची? सप्टेंबर २०२१ मध्ये सैनिकांनी चिन भागातलं थांतलांग गाव पेटवलं. आग विझवायला धावलेल्या एका तरुण बॅप्टिस्ट पाळकाला तिथेच गोळी घातली. गावात राहणारा माणूस होता, म्हणून धावला. बाहेरून येणारी संस्था रस्ता बंद झाला की थांबते, मंडळीचे लोक आधीपासून तिथेच असतात. माझा भरवसा त्यावर आहे. आमची आजी म्हणायची, ‘उपाशीले पहिले भाकर दे, मंग इचार.’

अमळनेरची मास्तरीण:
मग तुमच्या पाळकांना एवढं करायला सांगा. वाटप एका दिवशी, प्रार्थना दुसऱ्या दिवशी, आणि जागाही वेगळी. रांगेतल्या बाईला तांदूळ घेऊन सरळ घरी जाता आलं पाहिजे. हे लिहून मिळालं तर माझे पाचशे धरा.

नवापूरकर:
बुधवारच्या बैठकीत मांडतो. हिशेबाचा कागद चर्चच्या दारावर लावायचं कबूल झालंच आहे.

सातपुड्याचा:
ब्रूंचं मान्य केलंत, बरं वाटलं. कागदाचंही केलंत. आजीच्या टोपलीबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाहीत.