आनंदीबाईंचं कॉलेज बायकांचंच राहायला हवं होतं का?

सांजवात: १० ऑक्टोबर १८८५चा तो फोटो बहुतेकांनी पाहिलाय. साडीतल्या आनंदीबाई जोशी, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली. तिघी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या. १८५० साली निघालेल्या या कॉलेजने १९७०मध्ये मुलांना प्रवेश दिला आणि नावातलं 'विमेन्स' काढून टाकलं. पुढे विलीनीकरणं होत होत ते ड्रेक्सेल विद्यापीठात विरघळलं. माझ्या मते हे व्हायला नको होतं.

खडामीठ: अजिबात पटलं नाही. मुलींना दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं, म्हणून हे कॉलेज काढावं लागलं. १८६९मध्ये याच मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात शिकायला गेल्या, तर मुलांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, अंगावर तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. पण १९४५ला हार्वर्डने, १९६१ला त्याच शहरातल्या जेफरसन मेडिकल कॉलेजने मुलींना घेतलं. मग वेगळी चूल कशाला?

सांजवात: दार उघडलं म्हणजे आत जागा मिळाली असं नसतं हो. १९७०च्या सुमारास अमेरिकेत मेडिकलला मुली दहा टक्केही नव्हत्या! इथे पहिल्याच तुकडीतली ॲन प्रेस्टन १८६६ला डीन झाली. १८६७ला कृष्णवर्णीय रिबेका कोल, १८८९ला अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश इथूनच डॉक्टर झाल्या. तेव्हा त्यांना आणखी कुणी घेतलं असतं?

गिरगावकर: तुम्हा दोघांच्या वादात गुरुबाई करमरकर राहिल्या. त्याही इथल्याच, १८९२च्या पदवीधर. आनंदीबाई १८८६ला डॉक्टर झाल्या आणि वर्षाच्या आत गेल्या, दवाखाना चालवणं राहूनच गेलं. गुरुबाईंनी मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. कॉलेजचं नाव पुसलं म्हणून हळहळताय, पण गुरुबाईंचं नाव आपणच पुसलंय. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

खडामीठ: गुरुबाईंचं मान्य, मलाही माहीत नव्हतं. पण सांजवातताई, आठवण जपायला कॉलेज बायकांचंच असावं लागत नाही. आनंदीबाईंनी १८८३मध्ये प्रवेशासाठी लिहिलेलं पत्र ड्रेक्सेलनेच जपून ठेवलंय.

सांजवात: ते पत्र वाचूनच धागा काढला. अटी पूर्ण होत नसतील, पण आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून इथवर आले तो निर्धार जमेस धरा, असं लिहिलंय पोरीने. वय अठरा. ते रेचल बॉडली डीन असलेल्या कॉलेजात गेलं आणि तिला प्रवेश मिळाला. जेफरसनमध्ये तेव्हा त्या पत्राला जागाच नव्हती.